निबर

परवाच्या लॅब मीटिंगमध्ये एका स्लाइडवरून माझं डोकं फिरलं. 'पेशंट्स हू फेल्ड सिस्प्लॅटिन', म्हणजे सिस्प्लॅटिन ह्या कॅन्सरच्या औषधाच्या परीक्षेत नापास झालेले पेशंट. डॉक्टरी इंग्रजीत असंच लिहितात, मीही आजवर बिनदिक्कत लिहीत आलोय. पण गेल्या महिन्यात कोल्हापुरात मामाची फाइल चाळताना हेच शब्द दिसले होते. मामीनं विचारलं, "फेल म्हंजे? ह्यांनी कसली परीक्षा दिली?" कॉटवरून मामा म्हणाला, "मॅट्रिकला दोनदा बसलोय. ही तिसरी."

तोंडाचा कॅन्सर. बोलतो कसाबसा. डावा गाल काढून तिथं छातीचं मांस-कातडं वळवून बसवलंय, तोंडात दोन बोटं आडवी जात नाहीत. त्याच गालात तीस वर्षं तंबाखूचा बार असायचा. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, त्याच्या जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची बाटली. चार महिने बरे गेले. मग मानेत गाठ आली. सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा महिन्यांच्या आत दुखणं उलटलं, तर ते औषध आता उपयोगाचं नाही असं धरतात. त्यालाच फाइलीत 'फेल्ड'.

मीटिंगमध्ये मी हात वर करून म्हणालो, नापास औषध झालंय, माणूस नव्हे. सगळ्यांनी सभ्यपणे माना हलवल्या. मँचेस्टरमध्ये सभ्यपणे मान हलवली की विषय संपला असं समजायचं. मी मात्र घरी येईपर्यंत बसमध्ये त्या 'फेल्ड'शीच भांडत होतो. आपल्याकडं कोण म्हणतं असं? 'औषध लागू पडलं नाही', 'गुण आला नाही', 'औषध उतरलं नाही'. कोल्हापुरातली कुठलीही म्हातारी दोष औषधाला देईल, आजारी माणसाला ठेवणीतल्या गोधडीत घालेल. मराठी या बाबतीत शहाणी आहे, असं बसमध्येच मनाशी ठरवून टाकलं. मग आठवलं, भेटायला आलेल्या पाव्हण्यांनी मामाच्या तोंडावर 'केलेलं हितंच फेडायचं असतंय' असं शुद्ध मराठीतच सुनावलं होतं. असो.

ह्या सगळ्याचा माझ्या कामाशी काय संबंध, तर मी पोटापाण्यासाठी हेच करतो. औषधाला न जुमानणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण रीत सोपी आहे. फ्लास्कमधल्या पेशींना सिस्प्लॅटिनचा थोडा डोस द्यायचा. बहुतेक मरतात, सुटून वर तरंगतात. तळाला चिकटून राहिलेल्या चार-दोन ठिपक्यांना चांगलंचुंगलं खायला घालून वाढवायचं आणि मग डोस थोडा चढवायचा. असं सात-आठ महिने. शेवटी जो डोस मूळच्या निम्म्या पेशी मारायचा, त्यात ह्या मजेत वाढतात.

सिस्प्लॅटिनची कुळकथा मामाला फार आवडली. 1965 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जिवाणू लांबच लांब होत गेले, पण दुभंगेनात. करामत विजेची नव्हतीच, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या क्षारांची होती. 1978 मध्ये त्याचं औषध बाजारात आलं. "म्हंजे मला प्लॅटिनम चढवलंय?" मामा म्हणाला. "मग जाळू नका बाबा. गुजरीतल्या सराफाकडं न्या, वजनावर मोड येईल."

पुढं त्यानं विचारलं, मग त्या गाठीला औषध पचतंय कसं? सांगितलं. प्लॅटिनमचा काही भाग पेशीत शिरतो तो तांब्यासाठी ठेवलेल्या दारानं, औषधाला न जुमानणाऱ्या पेशी ते दार कमी करतात. आत आलेल्याला ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ धरून ठेवतो, त्याला पंप बाहेर फेकतात. त्यातूनही डीएनएपर्यंत पोचलाच, तर तिथली मोडतोड दुरुस्त करणारे गवंडी वाढवलेले असतात. आणि इतकं करूनही दुरुस्ती जमली नाही, तरी मरायचा हुकूमच त्या पाळत नाहीत. कुणी एक युक्ती वापरतं, कुणी चारही. म्हणून एका कुलपाची किल्ली शोधून भागत नाही.

मामानं सगळं ऐकून घेतलं. "एवढं कशाला सांगतोस? निबर झाल्या म्हण की. भेंडी होती तशी."

मी आठ वर्षं 'रेझिस्टंट' लिहितोय. हा शब्द एकदाही सुचला नव्हता.

आता थोडं भांडण इथल्या लोकांशी. आमच्याकडं जी पेशींची वाणं आहेत, ती बहुतेक जिभेच्या कॅन्सरची. कॅल-27 घ्या, छप्पन्न वर्षांच्या एका गोऱ्या माणसाच्या जिभेतून आलेली. तोंडाच्या कॅन्सरचे जगातले दर तीन पेशंट घेतले तर त्यात एक आपला, आणि आपला आजार बहुतकरून गाल आणि हिरडीचा, जिथं बार धरतात तिथला. त्याच्या जनुकांचा नकाशा आपल्याच लोकांनी, बंगालातल्या कल्याणीच्या आणि नवी मुंबईतल्या खारघरच्या संस्थांनी मिळून, 2013 मध्ये छापला. इथं त्याबद्दल विचारलं तर 'इंटरेस्टिंग' म्हणतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं 2020 मध्ये दाखवलं, की दर आठवड्याला मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब, अशा साध्या स्वस्त गोळ्यांवरचे पेशंट सिस्प्लॅटिनच्या बाटलीवाल्यांपेक्षा थोडे जास्त जगले, 6.1 महिन्यांऐवजी 7.5. पुढं 2023 मध्ये त्याच गोळ्यांत एर्लोटिनिबची गोळी घातली, आणि निम्म्या पेशंटांना त्यावर फक्त 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध, देऊन पाहिलं. इकडं एका वेळी 240 देतात. वर्षभरानं नुसत्या गोळ्यांवरचे 16 टक्के हयात होते, निवोलुमॅबवाले 43. शेजारच्या बाकावरचा पोलिश पोरगा म्हणाला, "वीस मिलिग्रॅम? आमच्याकडं तेवढं बाटलीच्या तळाला राहतं." मी म्हटलं, आमच्याकडं तळाचं टाकत नाहीत. बोलून गेलो झोकात, पण त्रेचाळीस म्हणजे निम्मेसुद्धा नव्हेत, हे मलाही कळतं.

मामाच्या गोळ्या चालू आहेत. सोमवारची गोळी मामी कॅलेंडरवर खूण करून देते, पांढऱ्या रश्श्यात भाकरी पार गाळ होईपर्यंत कुस्करून त्याच्यापुढं ठेवते. तो वाटी तोंडाला लावून, मान मागं टाकून, निम्मा रस्सा गंजीवर सांडत पितो आणि म्हणतो, "मीठ कमी हाय." चव लागत नाही त्याला. मीठ बरोबर असतं.

मी तीन आठवडे होतो. रजा वाढवून मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. पेशींना दर दोन-तीन दिवसांनी बघावं लागतं, आठ महिन्यांची मेहनत आहे, शिवाय तिथं राहून मी करणार काय होतो, ह्या कामातूनच उद्या कुणाला तरी... असं बरंच काही विमानात म्हणून झालं.

पेशींचं म्हणाल तर त्या पोलिश पोरानं एकही दिवस चुकवला नव्हता. शनिवार-रविवारीसुद्धा येऊन गेला होता. वहीत तारीख-वेळेसकट नोंदी. मी कोल्हापूरहून गमतीनं त्याला मामाचा शब्द मोबाइलवर लिहून पाठवला होता, तर त्यानं नव्या फ्लास्कांवर तो चित्रासारखा बघून बघून गिरवला होता. अक्षर सुरेख, फक्त 'ब'च्या पोटातली रेघ राहिली होती. सहा फ्लास्कांवर ओळीनं 'निवर'.

मार्कर घेतला आणि एकेक फ्लास्क बाहेर काढून रेघ ओढत बसलो.