तुम्ही विचारलंत म्हणून: ती अजून दिसते का?

लग्नाकार्यात, शाळेत, परभणीच्या एसटीतसुद्धा कुणीतरी हळूच विचारतंच, "मॅडम, ती अजून दिसते का?" ती म्हणजे मीच. माझ्यासमोर उभी राहणारी मी. एकदाच नीट सांगते.

सहा वर्षं झाली, दिसली नाही. आणि आरशातल्यासारखी ती कधीच नव्हती. आरशातली बाई मी हलले की हलते, ही आपल्या मनानं उभी राहायची. रंग विटलेला, फार धुतलेल्या साडीसारखा. आधी पोटातून काहीतरी वर चढायचं, गळ्यापर्यंत यायचं. मग ती, मिनिटभर.

"बाहेरचं असेल" म्हणणाऱ्यांशी मी आता भांडत नाही. मला फेफऱ्याचा आजार आहे, हातपाय न झाडणारा. कानाच्या थोडं वर, मागच्या बाजूला मेंदूचा एक भाग आहे. आपलं शरीर कुठं आहे, ते आपलंच आहे, याचा मेळ तिथं लागतो. 2006 साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी फेफऱ्याच्या तपासणीसाठी आलेल्या एका 22 वर्षांच्या मुलीच्या मेंदूत तिथंच हलकासा विजेचा प्रवाह दिला, तर तिला पाठीमागं कुणीतरी असल्याचं जाणवलं. ती बसली की तेही बसायचं. तिच्या काही अंगात आलं नव्हतं.

पण त्या नवरात्रात मी देवीचंच मानत होते, हेही खरं. कडक उपवास, उपाशीपोटी नको म्हणून गोळ्या बंद, रात्री जागरण. गोळी चुकवू नका, झोप चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी दोन्ही चुकवलं.

आठव्या माळेला शेतात सोयाबीनची मळणी चालू होती. दिवस मावळताना हातपाय धुवायला विहिरीकडं गेले. पाऊस चांगला झालेला, पाणी काठापासून दोन हात खाली. पलीकडच्या काठावर ती उभी. माझीच हिरवी साडी, केसांत भुसकट. ते बघून माझा हात आपोआप माझ्या केसांकडं गेला. तिचा नाही गेला.

मग जे झालं ते मी आईलाही सांगितलेलं नाही. मी तिकडून बघायला लागले. तिकडून इकडची बाई दिसायची, डोक्याला हात लावलेली. परत इकडून ती. परत तिकडून. यातली मी कुठली, कळेना. भीती नव्हती, घाई होती. दोघींतली एक गेली की हे थांबेल, एवढंच. मी पाऊल उचललं. मरायला नाही. हे शंभरदा सांगून झालंय, तुम्हाला पटो न पटो. 1994 साली झुरिकच्या डॉक्टरांनी एका तरुणाची हकिगत छापली. त्यानंही गोळ्या सोडल्या होत्या, पलंगावर स्वतःलाच झोपलेलं पाहिलं, आणि दोघांचा एक व्हावा म्हणून खिडकीतून उडी घेतली. तो वाचला. हे माझ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तिथंच रडले.

"काय करायलीस गं!" जाऊबाईंनी मागून पदर ओढला. खांद्यावरची पिन मांसात घुसून फाडत गेली. जिचा खांदा दुखतोय ती मी, असं तेव्हा कळलं. व्रण अजून आहे.

जाऊबाई म्हणतात, देवीनं वाचवलं. मी विज्ञान शिकवते, मी म्हणते तुम्ही वाचवलंत. त्यांना ते आवडत नाही.

एक मात्र मला अजून सुटलेलं नाही. ती रागानं बघत नव्हती. दमलेली होती. शाळा, शेत, घर करून मी किती दमलेय हे त्या घरात कुणाला दिसत नव्हतं, मलाही नाही. तिच्या तोंडावर ते पहिल्यांदा दिसलं. तेव्हाची मी म्हणेल, देवीनं दाखवलं. आजची मी म्हणते, मेंदूनं. पण मग मेंदूला कुणी सांगितलं, असं ती विचारते, आणि माझ्याकडं उत्तर नसतं.

गोळी रात्री नऊला. नवरात्रातसुद्धा, जेवून. त्या विहिरीवर मी अजून एकटी जात नाही.