खाटेखालचा धूर

आईच्या खोलीची दारे-खिडक्या संध्याकाळी सातला लागत आणि खाटेखाली पत्र्याच्या ताटलीत डासांची कॉइल पेटत असे. गेल्या पावसाळ्यात तिचा खोकला महिनाभर हटेना, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी ‘घरात काय जाळता?’ असे विचारले. मला देवापुढची उदबत्ती आठवली, कॉइल मात्र आठवली नाही, इतकी ती अंगवळणी पडली होती.

कॉइलमध्ये ॲलेथ्रिनसारख्या कीटकनाशकाचा अंश साधारण एक टक्क्याहूनही कमी असतो. बाकी असतो तो लाकडाचा भुसा, करवंटीची भुकटी, चिकटवण्यासाठी स्टार्च आणि रंग. म्हणजे सात-आठ तास आपण मुख्यतः भुसाच धुमसत ठेवतो, आणि माझ्या मते खरी काळजी औषधापेक्षा या धुराचीच करायला हवी. चीन आणि मलेशियातील कॉइलवर झालेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. याचा अर्थ आईने रोज तेवढ्या सिगारेटी ओढल्या असा नव्हे, कारण हवा खेळती असेल तर बराच धूर बाहेर जातो. पण डास येऊ नयेत म्हणून आम्ही खिडक्याच बंद करत होतो.

विजेवर चालणाऱ्या द्रव औषधाला धूर नसतो, म्हणून छातीला ते त्यातल्या त्यात बरे, तरी बंद खोलीत रात्रभर नकोच. त्याचा धोका वेगळा आहे. आपल्याकडे प्लगची जागा बहुधा रांगत्या मुलाच्या हाताशी असते, आणि बाटलीतले औषध रॉकेलसारख्या तेलात विरघळवलेले असते. मुलाने ते तोंडात घेतले, तर थेंब फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. अशा वेळी उलटी मुळीच करवू नये, बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. बाजारात सुट्या मिळणाऱ्या, पुड्यावर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांक नसलेल्या मच्छर अगरबत्त्या तर घरात आणूच नयेत, कारण त्यात काय आहे हे कळायला मार्गच नसतो.

डेंग्यूचे भय खरे आहे, त्यामुळे ‘सगळे बंद करा’ असे मी म्हणणार नाही. मात्र त्याचा डास दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून घासणे रात्रीच्या कॉइलपेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे.

आईला मच्छरदाणीत कोंडल्यासारखे होते, म्हणून आम्ही तिच्या दोन्ही खिडक्यांना जाळी बसवून घेतली. आता त्या रात्रभर उघड्या असतात. राखेची वलये उमटलेली ती ताटली तिने चिंचेने घासून तुळशीच्या कुंडीखाली ठेवली आहे, आणि त्यात साचलेले पाणी दर रविवारी ती स्वतः ओतून टाकते.