आमची वाटचाल : पुलाखाली उतरणारी माणसे

पुलांची तपासणी, त्यांच्या भारक्षमतेचे मूल्यमापन आणि नव्या पुलांचे संकल्पन ही कामे घेणारी आमची संस्था सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे दोन टेबले, काँक्रीटच्या पृष्ठभागाची कठीणता अजमावणारा एक रिबाउंड हॅमर आणि माझ्या भागीदाराची लाकडी दांड्याची साधी हातोडी एवढीच सामग्री होती. पुढे सळया शोधणारा कव्हर मीटर आला, काँक्रीटच्या आतली भेग-पोकळी ध्वनिलहरींनी शोधणारे अल्ट्रासॉनिक यंत्र आले, गंजाची शक्यता मिलिव्होल्टमध्ये सांगणारे हाफ-सेल आले. पण स्लॅबच्या पोटाला हातोडी लावून खणखणीत आणि बद्द आवाजातला फरक टिपणारा भागीदारांसारखा कान विकत मिळाला नाही. बद्द आवाज आला, म्हणजे आत काँक्रीट सुटलेले असले, की तिथे ते खडूने रेघ ओढत, टवका काढून ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडत आणि गुलाबी रंग, म्हणजे सळईला गंजापासून राखणारे काँक्रीट, सळईच्या किती अलीकडे किंवा पलीकडे सुरू होतो ते पट्टीने मोजत.

आठव्या वर्षी आम्ही बुडता बुडता वाचलो. बहुगाळ्यांच्या (गाळा म्हणजे दोन खांबांमधला भाग) एका नदीपुलाची तपासणी आमच्याकडे होती. एका खांबावरचे रोलर बेअरिंग, म्हणजे पुलाला किंचित सरकू देणारा आधार, गंजून जाम झाले होते, कारण वरच्या एक्स्पान्शन जॉइंटमधून (पुलाच्या प्रसरणासाठी ठेवलेल्या फटीतून) वर्षानुवर्षे पाणी थेट त्यावर गळत होते. ते दुरुस्त होण्यासारखे होते. खरी चिंता खाली होती. पूर चढतो तेव्हा खांबाभोवतीच्या भोवऱ्यांनी खड्डा पडतो आणि पूर ओसरताना तो सैल गाळाने पुन्हा भरतो, त्यामुळे नंतर पाहणाऱ्याला तळ जागच्या जागी दिसतो. भागीदारांनी त्या तळात सळई खुपसली, तर ती हाताच्या जोराने मीटरभर आत गेली. १९८७ मध्ये अमेरिकेतील स्कोहॅरी क्रीकवरचा पूल असाच पायाखालची जमीन वाहून गेल्याने पुरात कोसळला आणि १० माणसे गेली; आमच्या अहवालात तो दाखला होता. जड वाहने तूर्त बंद करावीत आणि खांबाभोवती दगडी संरक्षण घालावे, असे आम्ही लिहिले.

अहवाल ‘अतिरंजित’ ठरवून परत आला, देयक अडकले आणि दुसऱ्या एका संस्थेने आठ दिवसांत पूल निर्धोक असल्याचे लिहून दिले. त्यांच्या अहवालातील सर्व छायाचित्रे कठड्यापाशी उभे राहून काढलेली होती; खांबाच्या पायाचे एकही नव्हते. पाठोपाठ आमची आणखी दोन कामे गेली. अल्ट्रासॉनिक यंत्र विकावे लागले, भागीदारांनी आठ महिने पगार उचलला नाही आणि त्याबद्दल आजतागायत एक शब्दही काढलेला नाही.

दोन पूर उलटल्यावर तो खांब किंचित कलला आणि पूल बंद करण्यात आला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दुरुस्तीचे संकल्पन त्याच संस्थेकडे गेले. त्यांचे नकाशे पाहण्याचा योग आला, तेव्हा तळपातळीच्या कोष्टकात चौथ्या खांबाच्या जागीही ‘पाच’ छापलेले दिसले, म्हणजे ‘पाच’ दोनदा. ती टंकलेखनाची चूक आमच्या जुन्या अहवालातली होती. आकडे आमचे, चूक आमची, शिक्का त्यांचा.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. कामे वाढली, माणसे वाढली. या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना, कोणी विचारले नसले तरी, सांगतो : दर गाळ्यांच्या संख्येवर ठरवू नका, खाली उतरायला किती दिवस लागतील यावर ठरवा. मूळ नकाशावरची सळई जागेवर आहे असे धरून भारक्षमतेचे गणित मांडू नका. संकल्पन करताना बेअरिंग बदलण्यासाठी जॅक कुठे टेकवायचा ते आधी काढून ठेवा, आणि निचऱ्याच्या नळ्या गर्डरच्या (तुळईच्या) पोटाखाली पुरेशा उतरवा. त्या आखूड ठेवून वाचवलेला पैसा पुढे सळयांच्या गंजात जातो.

भागीदार आता कामावर येत नाहीत. हातोडीचा दांडा दोनदा बदलला आहे. त्या पुलाचे देयक मात्र आमच्या ताळेबंदात अजून ‘येणे’ म्हणून उभे आहे. ते बुडीत खात्यात टाका, असे हिशेबनीस दर वर्षी सुचवतात आणि मी दर वर्षी ते पान न बदलता सही करतो.