मॉनिटर किती इंची? आधी टेबल मोजा

"दिवसा काम, रात्री गेम. दोन्हीला चालेल असा मोठा फोर-के मॉनिटर कुठला घेऊ?" विचारणाऱ्यांत घरून आयटीचं काम करणारे असतात, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीची डिझाइनं करणारे असतात, दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसणारे असतात. प्रश्न मात्र सगळ्यांचा हाच, आणि प्रत्येकाला मॉडेलचं नाव हवं असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मॉडेलचं नाव सगळ्यात शेवटी. आधी टेप घ्या आणि टेबल भिंतीपासून किती पुढे येतं ते मोजा. मग लॅपटॉपची किंवा ग्राफिक्स कार्डाची पोर्टं बघा. मॉनिटर चुकतो तो बहुतेक वेळा या दोन जागी. कंपनी बदलून ती चूक सुधारत नाही.

आपल्याकडचं साधं टेबल दोन फुटी, म्हणजे ६० सेंटिमीटर. स्टँडमुळे पडदा भिंतीपासून २० सेंटिमीटर तरी पुढे येतो आणि आपण टेबलाच्या कडेपासून साधारण तितकेच मागे बसतो. डोळा ते पडदा अंतर झालं ६० सेंटिमीटर. आता पडद्यावर इंचाला किती पिक्सेल बसतात ते बघायचं. ३४३८ ला त्या आकड्याने भागलं की जे इंच येतात, तितक्या अंतरावरून नीट नजरेच्या माणसाला एकेक पिक्सेल वेगळा दिसेनासा होतो. २७ इंची फोर-केमध्ये (३८४० बाय २१६०) इंचाला १६३ पिक्सेल असतात, म्हणजे ५४ सेंटिमीटर. ३२ इंची फोर-केमध्ये १३८, म्हणजे ६३ सेंटिमीटर. २७ इंची टू-के, म्हणजे २५६० बाय १४४०, त्यात १०९, म्हणजे ८० सेंटिमीटर. आणि ३२ इंची टू-केमध्ये फक्त ९२, म्हणजे ९५ सेंटिमीटर. दोन फुटी टेबलावर ९५ सेंटिमीटर अंतर आणायचं तर खुर्ची दारात न्यावी लागेल.

हा शेवटचा मॉनिटर नीट लक्षात ठेवा. मोठा दिसतो, दर बरा असतो, म्हणून दुकानदार तो पुढे करतो. पण २४ इंची फुल एचडीमध्येही (१९२० बाय १०८०) इंचाला ९२च पिक्सेल असतात. म्हणजे जुना २४ इंची काढून ३२ इंची टू-के आणला तर जागा वाढते, अक्षर तितकंच खडबडीत राहतं. इंग्रजीत ते खपून जातं. देवनागरीत शिरोरेघेवरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, 'द्ध' आणि 'द्य' वाचायला पुढे वाकावं लागतं. मराठीत टायपिंग, प्रूफ किंवा कोर्टाचे कागद असं काम असेल तर हा मॉनिटर घेऊ नका.

मग २७ की ३२? फोर-केच घ्यायचा असेल तर माझा कल ३२ कडे आहे, कारण स्केलिंग, म्हणजे अक्षरं आणि आयकॉन ठरावीक टक्क्यांनी मोठे करून दाखवणं. २७ इंचीवर अक्षरं इतकी बारीक येतात की विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवावं लागतं. मग अक्षर सुरेख, पण जागा मिळते २५६० बाय १४४० इतकीच. ३२ इंचीवर १२५ टक्क्यांत भागतं आणि जागा मिळते ३०७२ बाय १७२८ इतकी. चाळिशीचा चष्मा असेल तर तिथेही १५० ठेवा, त्यात कमीपणा नाही. स्केलिंग लावल्यावर जुनी हिशेबाची किंवा डिझाइनची सॉफ्टवेअर धूसर दिसतात, तेव्हा मॉनिटरला दोष देऊ नका. त्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, आणि सगळ्यात खालच्या ओव्हरराइडवर टिक करून 'ॲप्लिकेशन' निवडा. अक्षरं ठसठशीत होतील, कधी कधी फार बारीकही होतील. तेव्हा तिथेच 'सिस्टिम (एनहान्स्ड)' लावून बघा.

डिझाइनवाल्यांचा हिशेब वेगळा आहे. जेकार्ड म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र, त्याचे हूक ताण्याचे धागे उचलतात. २६८८ हुकांच्या इलेक्ट्रॉनिक जेकार्डचं डिझाइन म्हणजे आडवे २६८८ चौकोन. फुल एचडीच्या १९२० पिक्सेलमध्ये ते एका नजरेत मावतच नाही. फोर-केच्या ३८४० मध्ये हुकाला एक पिक्सेल धरला तर पूर्ण रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, बसतो आणि टूलबारला ११५२ पिक्सेल उरतात. दुरुस्ती करताना झूम करून हुकाला चार पिक्सेल धरले तर एका वेळी ९६० हूक समोर असतात, फुल एचडीवर ४८०. किनारीतली चूक आणि बुट्टीतली चूक एकत्र दिसणं म्हणजे काय, हे या कामातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. फक्त वक्र पडदा घेऊ नका. गेममध्ये तो छान वाटतो, पण सरळ किनार सरळ आहे की नाही याचा निवाडा वक्र पडद्यावर करणं अवघड जातं.

"४३ इंची फोर-के टीव्हीच लावला तर?" हेही नेहमीचं. ४३ इंचाची रुंदी ९५ सेंटिमीटर भरते. ६० सेंटिमीटरवर बसलात तर दोन्ही कडा बघायला मान फिरवावी लागते आणि संध्याकाळी ती मान बोलते. टेबल तीन फुटी असेल किंवा पडदा भिंतीला ठोकता येत असेल तरच विचार करा. शिवाय पुष्कळ टीव्ही रंगाची माहिती निम्मी किंवा पाव करून दाखवतात. चित्रपटात ते कळत नाही, बारीक अक्षरांत कळतं. दुकानात लॅपटॉप घेऊन जा, काळ्या पानावर बारीक लाल अक्षरं लिहा. कडा फुटलेल्या दिसल्या तर टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव 'पीसी' करून बघा. तरीही फुटल्या तर टीव्ही तिथेच ठेवून या.

आता गेम. फोर-के म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, टू-के म्हणजे ३७ लाख. कार्डावरचा भार सव्वादोन पट. एवढ्यावर घाबरून पुष्कळजण टू-के घेतात आणि दिवसाचे आठ तास खडबडीत अक्षरं वाचतात. घाबरायचं कारण आता तितकंसं उरलेलं नाही. गेममध्ये डीएलएसएस किंवा एफएसआर ही लहान चित्र मोठं करून दाखवणारी सोय असते, ती 'क्वालिटी'वर ठेवली की फोर-के मॉनिटरवरसुद्धा गेम आतून २५६० बाय १४४० मध्येच रंगवला जातो आणि मग मोठा केला जातो. 'परफॉर्मन्स'वर ठेवलं तर आतून फुल एचडी. ज्या जुन्या गेममध्ये ही सोय नाही तिथे १०८० निवडा आणि ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये इंटिजर स्केलिंग चालू करा, एका पिक्सेलचे बरोबर चार होतात. १४४० निवडलं तर एकाचा दीड होतो आणि चित्र लोण्यासारखं पसरतं. ज्यांचा सगळा जीव स्पर्धेच्या नेमबाजीत आहे त्यांनी मात्र हा लेख इथेच सोडून २७ इंची वेगवान टू-के घ्यावा.

हर्ट्झचं, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचं, थोडक्यात: ६० ला एक चित्र १६.७ मिलिसेकंद थांबतं, १२० ला ८.३, १४४ ला ६.९. साठवरून एकशेवीसला गेल्याचा फरक एक्सेल खाली सरकवतानासुद्धा जाणवतो. त्यापुढचे पैसे बहुतेकांचे वाया जातात. व्हेरिएबल रिफ्रेश (फ्रीसिंक किंवा जी-सिंक), म्हणजे कार्डाच्या वेगाप्रमाणे पडद्याने आपला वेग बदलणं, हवंच, कारण फोर-केवर फ्रेम वरखाली होणारच.

पण हे हर्ट्झ केबलमधून आले पाहिजेत. फोर-केला एचडीएमआय १.४ तीस हर्ट्झ देतं, २.० साठ, आणि १२० किंवा पुढे हवं तर २.१. डिस्प्लेपोर्ट १.४ सरळ १२० देतं, १२० च्या पुढे कॉम्प्रेशन वापरून जातं. खोक्यावरच्या 'एचडीएमआय २.१' या शब्दांवर विसंबू नका. नियमच असे आहेत की २.१ मधली बहुतेक वैशिष्ट्यं ऐच्छिक असतात, त्यामुळे २.० च्या कुवतीचं पोर्टही त्याच नावाने विकता येतं. तपशिलाच्या तक्त्यात 'एचडीएमआयवर कमाल ३८४० बाय २१६०, इतके हर्ट्झ' ही ओळ शोधा. प्लेस्टेशन ५ ला डिस्प्लेपोर्ट नाही, त्यामुळे ते वापरणाऱ्यांनी तर ही ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

"नवीन मॉनिटर अडखळतोय" अशी तक्रार आली की बघायच्या गोष्टी ठरलेल्या. केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात खोचलेली असते. किंवा सेटिंग, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे हर्ट्झ ६० वरच राहिलेले असतात. किंवा मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्ट १.२ वर ठेवलेला असतो. माउस पाण्यातून चालल्यासारखा वाटतोय म्हणजे जुन्या लॅपटॉपचं पोर्ट तीसवर चाललंय. पडदा मधूनच सेकंदभर काळा होतो म्हणजे बहुतेक केबल. खोक्यातली वापरा, लांब हवी असेल तर दोन मीटरच्या फार पुढे जाऊ नका. हलणाऱ्या वस्तूमागे पांढुरकी सावली दिसली तर मॉनिटरच्या मेनूतलं ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग लवकर बदलायला लावणारी सेटिंग) 'एक्स्ट्रीम'वरून मधल्या पायरीवर आणा. आणि सगळं फिकट, धुतल्यासारखं दिसत असेल तर विंडोजचं एचडीआर (उजेड-अंधार जास्त खुलवून दाखवणारी सोय) बंद करा. डिस्प्लेएचडीआर ४०० च्या शिक्क्याला भाग-भाग मंद करणारा बॅकलाइट लागत नाही, आणि त्याशिवाय एचडीआर फारसं खुलत नाही, तेव्हा त्या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

यूएसबी-सीवाला मॉनिटर ऑफिसच्या लॅपटॉपला फार सोयीचा, एका केबलीत चित्र आणि चार्जिंग. पण तो ६५ किंवा ९० वॉट देतो, गेमिंग लॅपटॉपला गेम चालू असताना त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. त्या लॅपटॉपच्या चार्जरची वीट जोडलेलीच ठेवा.

पॅनेलचे, म्हणजे पडद्याचे, मुख्य प्रकार तीन: आयपीएस, व्हीए आणि ओलेड. त्यात आयपीएस हा सगळ्यांत कमी कटकटीचा. काळा रंग त्याचा राखाडीच, कॉन्ट्रास्ट साधारण एक हजारास एक. व्हीए तीन हजाराच्या पुढे जातो, पण अंधाऱ्या दृश्यात हलणारी वस्तू मागे काजळी फासत जाते. ओलेडचा काळा खराखुरा काळा, आणि गेमसाठी त्याला तोड नाही. तरी सोलापुरात कामाच्या टेबलावर ओलेड घ्या असं मी सहसा सांगत नाही. टास्कबार आणि एक्सेलच्या रेघा रोज आठ तास एकाच जागी राहिल्या की त्यांची छाप कायमची उमटू शकते. ती टाळायला ओलेड मॉनिटर काही तासांच्या वापरानंतर, स्टँडबायमध्ये गेला की पिक्सेल-सफाई चालवतो. त्या वेळी त्याला वीज लागते. आणि आपली सवय काय? उठताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद. त्यात भर लाइट जाण्याची. सफाई रोज अर्धवट राहते. घ्यायचाच असेल तर मॉनिटरचं बटण वेगळ्या सॉकेटवर घ्या आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की त्याला हात लावायचा नाही.

विजेचा विषय निघालाच आहे तर, ३२ इंची फोर-के साधारण ४० ते ६० वॉट खातो. तो एकटा कुठल्याही यूपीएसवर चालेल. पण ६०० व्हीएचा (व्होल्ट-ॲम्पियर, पॅनेलचा व्हीए नव्हे) यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॉट, आणि गेम चालू असताना संगणक एकटाच तितके मागतो. मग लाइट गेल्या क्षणी यूपीएससकट सगळं बंद. ११०० व्हीएचा घ्या, आणि घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा आहे ना ते बघा.

मे महिन्यात आपला पारा ४३-४४ ला जातो, आणि बहुतेक मॉनिटरच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान ४० अंशांपर्यंत असं छापलेलं असतं. पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ब्राइटनेस कमी ठेवा, मागे हवेला चार बोटं जागा सोडा. यंत्रमागाच्या आसपास राहत असाल तर कापसाची तूस मागच्या जाळीत बसते, महिन्याला कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पडद्याला फक्त मायक्रोफायबरचं फडकं आणि फार तर डिस्टिल्ड पाण्याचा ओलावा, तोही फडक्यावर. काच पुसायचा निळा स्प्रे मॅट थराची वाट लावतो.

खरेदीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या मॉनिटरलाही १८ टक्केच जीएसटी आहे, आधी २८ होता. जुना दर धरून कोणी ४३ इंचीचा हिशेब सांगत असेल तर थांबवा. व्यवसायाचं रजिस्ट्रेशन असेल तर बिलावर जीएसटी नंबर घालून घ्या. वॉरंटी किती वर्षं याच्याइतकंच महत्त्वाचं, ४१३ ने सुरू होणाऱ्या आपल्या पिनकोडला घरी येऊन सेवा आहे का. नसेल तर खोकं पुण्याला पाठवायचं, म्हणजे जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरचा धोका. आणि एकदोन मेलेल्या पिक्सेलवर पॅनेल बदलून मिळतं का, हे आधी लेखी विचारा. पुष्कळ ठिकाणी मिळत नाही.

दुकानातून आणताना खोकं उभंच ठेवा. दुचाकीवर मागच्या माणसाच्या मांडीवर आडवा मॉनिटर म्हणजे पहिल्याच स्पीडब्रेकरला पॅनेलची परीक्षा, रिक्षा करा. घरी खोकं उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा, काच धरून उचलू नका, खालच्या-वरच्या कडेला धरा. अर्धा तास चालू ठेवून मग काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि राखाडी असे सहा एकरंगी पडदे पूर्ण भरून बघा. अंधारात काळ्यावर कोपऱ्यात जी चमक दिसते ती डोकं हलवल्यावर हलली तर आयपीएसचा स्वभाव, तिथेच राहिली तर बॅकलाइटची गळती. गळती डोळ्यात भरण्याइतकी असेल तर परतीची मुदत संपायच्या आत परत करा. आणि थर्माकोलसकट खोकं रद्दीवाल्याला देऊ नका. वॉरंटी संपेपर्यंत ते माळ्यावर राहू द्या, त्या आकाराचं दुसरं खोकं गावात शोधून मिळत नाही.