से कॅथेड्रलच्या रांगेत सरांनी विचारलेला प्रश्न

मी गोव्यात मराठी ग्रुप फिरवतो. जुन्या गोव्याला बसवाले जेमतेम पाऊण तास देतात, त्यातला अर्धा बॉम जेझस चर्चमध्येच जातो कारण सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव तिथे, मग रस्ता ओलांडून से कॅथेड्रलचा बाहेरूनच फोटो काढायचा आणि चला बसमध्ये. मला याचा फार त्रास होतो. १५६२ ला काम सुरू झालं, १६१९ ला इमारत उभी राहिली, आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं, एवढ्या पिढ्या राबल्या आणि आपण आत पाऊलही टाकत नाही! समोरून बघितलं तर डावीकडे एकच मनोरा, उजवा १७७६ ला पडला तो परत बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात ती गोड आवाजाची घंटा आहे, सोन्याची घंटा म्हणतात तिला.

पण २०२४ च्या शवप्रदर्शनात उलटं झालं. साधारण दहा वर्षांनी शव से कॅथेड्रलमध्ये आणतात, त्यामुळे सगळ्यांनाच तिथे जायचं होतं आणि रांग हलता हलत नव्हती. माझ्या ग्रुपात मिरजेचे एक रिटायर्ड इतिहासाचे सर होते, मुसलमान, सोबत बायको आणि नातू. त्यांनी विचारलं, हे चर्च सेंट कॅथरीनच्या नावाने का? मी नेहमीचं सांगितलं, २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून शहर घेतलं, तो कॅथरीनचा सण, म्हणून.

सर म्हणाले, "आणि शहरातली माणसं?"

उत्तर मला माहीत होतं. मुसलमानांची कत्तल झाली, चार दिवस चालली, अल्बुकर्कने स्वतःच पोर्तुगालच्या राजाला पत्रात कळवलंय. सुरुवातीला ज्या ऑफिसात होतो तिथे शिकवलेलं की असलं बोलायचं नाही, पॅसेंजरचा मूड जातो, आणि मीही इतकी वर्षं गप्प बसलो, ते चूकच होतं. त्या दिवशी सांगितलं, नातवासमोर. मागे एक गोंयकार आजी जपमाळ ओढत होत्या, त्यांना मराठी कळत असावं. त्या हळूच म्हणाल्या, "आमचेय पूर्वज हांगाचेच न्ही रे बाबा." म्हणजे, आमचेही पूर्वज इथलेच ना. सरांनी त्यांना मान लवून नमस्कार केला. दोघंही पुढे काही बोलले नाहीत.

आत गेल्यावर शवपेटीपाशी सगळे माना उंचावत होते आणि सर मात्र मुख्य वेदीच्या सोनेरी कोरीवकामाकडे बघत उभे. ही चित्रं कशाची? म्हटलं, कॅथरीनची. तिने धर्म सोडला नाही म्हणून सम्राटाने तिला चाकावर मारायचं ठरवलं, कथेत चाक मोडतं, मग तलवारीने डोकं उडवतात.

"धर्म सोडला नाही म्हणून मारली?" त्यांनी परत विचारलं. मी हो म्हटलं. मागून स्वयंसेवक पुढे व्हा पुढे व्हा करत होते, सर न बघताच शवपेटीसमोरून निघून गेले.

त्यानंतर मी २५ नोव्हेंबर सांगितला की पुढचे चार दिवसही सांगतो. परवा एका पॅसेंजरने तक्रार केली, आत्ता जिथे काम करतो त्या ऑफिसातून फोन येऊन गेलाय, मी अजून उलट केलेला नाही.