टर्बोचं जाम हाउसिंग सोडवताना आणि फिरवून बसवताना

खाडीलगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) खोलायला घेतला, की एक्झॉस्टकडचं हाउसिंग (कवच) बहुधा हटून बसलेलं असतं. बीड (ओतीव लोखंड) रोज तापतं, थंड होतं, वर ठाण्याच्या खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. कार्ट्रिज (बेअरिंग आणि चाकं असलेला मधला भाग) हाउसिंगमध्ये जिथे बसतं, त्या बारीक फटीत गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून सगळे बोल्ट काढले तरी दोन्ही तुकडे एकमेकांना सोडत नाहीत. मग कोणीतरी मोठी हातोडी उचलतो, आणि दुरुस्त होणारा टर्बो भंगारात जातो.

आधी खुणा. कार्ट्रिज आणि दोन्ही हाउसिंग (एक्झॉस्टकडचं आणि हवेकडचं, म्हणजे कॉम्प्रेसरचं) यांच्या सांध्यांवर वायर ब्रश मारा आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर सेंटर पंचने एकेक टिंब उठवा. मार्करची रेघ पुढे लावायच्या गॅसच्या ज्योतीत उडून जाते, टिंब राहतं. ॲक्च्युएटरच्या (वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट वळवणारी झडप, उघडणाऱ्या डबीच्या) रॉडचे किती आटे नटाबाहेर दिसतात, तेही मोजून लिहा. व्हीजीटी टर्बो (आतल्या पात्यांचा कोन बदलणारा) असेल तर हाउसिंग वेगळ्या कोनात फिरवून बसवायचा विचारच सोडा. आतली नोझल रिंग बहुतेक वेळा पिनेवर बसते, त्यामुळे हाउसिंग मनाप्रमाणे फिरत नाही आणि जोर लावला तर पिन तुटते.

टर्बो गाडीवरून उतरवून टेबलावर घ्या. बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी पाना लावाल तेव्हा आधी जरासं आवळायच्या दिशेने. ‘कट्’ असा आवाज आला की गंजाची पकड मोडली, मग सोडा. सहा टोकांची गोटीच (सॉकेट) वापरा, बारा टोकांची गोटी गंजलेलं डोकं गोल करून ठेवते. डोकं तुटलंच तर उरलेल्या स्टडवर नट वेल्ड करणं हा सर्वांत भरवशाचा उपाय, कारण वेल्डिंगची उष्णताच अर्धं काम करते. फक्त अर्थिंगचा क्लॅम्प त्याच हाउसिंगला लावा. कार्ट्रिजला लावलात तर करंट बेअरिंगमधून जातो.

बोल्ट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे अडकलेले ठेवा. हाउसिंग झटक्यात सुटलं तर कार्ट्रिज तिरकं होतं आणि टर्बाइनची (एक्झॉस्टकडच्या चाकाची) पाती कडेला घासतात. ही चाकं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, एक पातं जरा वाकलं तरी बॅलन्स गेला.

आता गॅस. तेल पूर्ण पुसून घ्या, ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर तर आच नेऊच नका, काही क्लीनर तापले की विषारी वायू सोडतात. ज्योत फक्त बाहेरच्या हाउसिंगवर, गोल फिरवत. कार्ट्रिजही बिडाचंच असतं, दोन्ही सारखेच तापले तर सारखेच फुगतील आणि फट उघडणारच नाही. म्हणून बाहेरून पटकन तापवायचं आणि लगेच नायलॉन किंवा पितळी हातोडीने हाउसिंगच्या जाड फ्लँजवर समोरासमोर हलके ठोके द्यायचे. आधी फिरवायचा प्रयत्न करा, ओढायचा नाही. दोन मिलिमीटर इकडे, दोन तिकडे हललं की गंजाची लाल भुकटी खाली गळते. मग पुन्हा तेल. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, बसायची जागा खरवडली की तिथून एक्झॉस्ट गळतो.

कॉम्प्रेसरचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे हॉट एअर गन पुरते. काही टर्बोंना तिथे बोल्टांऐवजी मोठी सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते. आतली ओ-रिंग (रबरी कडी) नवीनच टाका.

पाइप जुळावेत म्हणून हाउसिंग फिरवून बसवताना हिशेब ड्रेनपासून (कार्ट्रिजमधलं तेल खाली सोडणाऱ्या तोंडापासून) धरा, पाइप कुठे येतो त्यावरून नाही. तेल टर्बोतून केवळ स्वतःच्या वजनाने खाली येतं. टर्बो बनवणाऱ्या गॅरेट कंपनीच्या सूचनेप्रमाणे ड्रेनचं तोंड सरळ खालच्या दिशेपासून 35 अंशांच्या आत हवं. ते जास्त तिरकं झालं की तेल कार्ट्रिजमध्ये साचतं आणि सीलमधून बाहेर पडतं. मग धूर दिसतो आणि ‘टर्बो गेला’ म्हणून नवा विकला जातो. आधी कार्ट्रिज पक्कं ठरवा, मग दोन्ही हाउसिंग त्याभोवती फिरवा. कॉम्प्रेसरचं हाउसिंग फिरवल्यावर वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरचा ब्रॅकेटही सरकतो. रॉड वाकवून बसवू नका, ब्रॅकेट नवीन जागी करून घ्या.

जोडताना बोल्टांना तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, म्हणजे पुढच्या वेळी गॅस लागणार नाही. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. व्ही-बँड (बोल्टांऐवजी सांध्याभोवती बसणारा गोल क्लॅम्प) असेल तर आवळा, सगळीकडून हलकं ठोका, पुन्हा आवळा. ड्रेनच्या जोडावर सिलिकॉन अजिबात नको, त्याची लोळी आत सुटून वाट अडवते.

शेवटी तेलाच्या इनलेटमध्ये स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि चाक बोटाने फिरवा. कुठेही घासता कामा नये. इंधन बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा, मग चालू करून काही मिनिटं आयडलवर ठेवा, रेस देऊ नका. थंड झाल्यावर क्लॅम्प पुन्हा तपासा, पहिल्या तापण्यात तो थोडा ढिला होतो.