महामारीत भावाची दारू सोडवताना : माझा अनुभव

लॉकडाउन लागला, दारू मिळायची बंद झाली आणि आमच्या ओळखीतल्या जवळपास सगळ्यांनी फोनवर एकच गोष्ट सांगितली, की बरं झालं, आता आपोआप सुटेल त्याची. त्याची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस, सकाळी हात थरथरायचे म्हणून घोटभर घेतल्याशिवाय ब्रशसुद्धा हातात धरता यायचा नाही, आणि तो म्हणे आपोआप सुटणार. मला उलट धडकीच भरली होती, कारण त्याच्या सायकिॲट्रिस्टनी मागेच बजावून ठेवलं होतं की रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतू शकतं. हे अजूनही खूप घरांमध्ये माहीत नसतं म्हणून सविस्तर लिहितेय.

होतं असं की दारू मेंदूला सतत दाबून ठेवते आणि मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो, मग दारू अचानक गेली की जोर तसाच उरतो. हात कापतात, घाम फुटतो, उलट्या, छातीत धडधड, झोप नाही. शेवटच्या पेगनंतर ६ ते ८ तासांत हे सुरू होऊ शकतं. फिट यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येते. आणि सगळ्यात भयंकर प्रकार, डिलिरियम ट्रेमन्स, तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, माणूस बरळायला लागतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही. म्हणजे पहिला दिवस निभावला की घरचे निर्धास्त होतात आणि खरा धोका तर पुढेच असतो.

मी सायकिॲट्रिस्टना फोन लावला. क्लिनिक बंद होतं पण सर फोनवर पेशंट बघत होते. त्यांनी भराभर विचारलं, शेवटची कधी घेतली, रोज किती, आधी कधी फिट आली होती का, कावीळ झाली होती का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का. फिट आली होती म्हटल्यावर ते म्हणाले घरी अजिबात नको, ॲडमिट करा. ज्यांना कधी फिट आलेली नाही, त्रास बेताचा आहे आणि घरात कोणीतरी जबाबदार माणूस चोवीस तास लक्ष ठेवणार आहे, अशा काहींचं फोनवरून रोज तपासून, गोळ्या हळूहळू कमी करत घरी होऊ शकतं, पण हे ठरवायचं डॉक्टरने, नातेवाइकांनी नाही.

पण हॉस्पिटलच्या दारातच गाडी अडली. भावाला ताप होता, घाम होता, अंग थरथरत होतं, आणि त्या दिवसांत असा माणूस दिसला की आधी कोविडचीच शंका. मानसोपचार विभाग म्हणे आधी रिपोर्ट आणा, तापाचा वॉर्ड म्हणे हा व्यसनाचा पेशंट आहे तिकडे न्या. त्यांचीही भीती खरी होती हे मला मान्य आहे, तरी मला त्याचा आजही राग येतो कारण विथड्रॉल, म्हणजे दारू तुटल्यावरचा हा त्रास, काही रिपोर्टची वाट बघत थांबत नाही. शेवटी उपयोगी पडली ती सरांनी मोबाईलवर पाठवलेली चिठ्ठी. शेवटच्या पेगची वेळ, फिटचा इतिहास, आणि ठळक अक्षरात की ग्लुकोजची सलाईन लावायच्या आधी थायमिन द्या. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, खूप पिणाऱ्यांच्या अंगात ते फार कमी असतं आणि त्याच्याशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ती चिठ्ठी वाचून ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या स्वॅब घेते, आयसोलेशनमध्ये ठेवते आणि उपचार आत्ताच चालू करते. अशी चिठ्ठी प्रत्येक घराने आधीच लिहून घेऊन फोनमध्ये ठेवावी असं मला अगदी मनापासून वाटतं.

आत आम्हाला कोणालाच सोडत नव्हते. एक सिस्टर व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या. भाऊ भ्रमात होता आणि आजूबाजूला सगळे पीपीई किट घातलेले, तो रडत मला म्हणाला, ताई, यांना चेहरेच नाहीत गं. मी सिस्टरना सांगितलं तर त्यांनी स्वतःचं नाव किटवर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि दर वेळी जवळ गेल्या की नाव सांगायच्या, आज वार कुठला, तू कुठे आहेस, ताईचा फोन संध्याकाळी येणार आहे, एवढं सगळं सांगायच्या. इतक्या धावपळीत. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आल्यावर पुढचा प्रश्न, औषध कुठलं. मला डायसल्फिरामच माहीत होतं, जे घेऊन प्यायलं की प्रचंड त्रास होतो. सर म्हणाले सध्या नको, एकतर वरचेवर तपासणी शक्य नाही आणि त्यात जिथे तिथे सॅनिटायझर, ज्यात ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं, काहींना तेवढ्यानेही रिॲक्शन येऊ शकते. त्यांनी लिव्हरचे रिपोर्ट बघून नाल्ट्रेक्सोन दिलं, त्याने प्यायची ओढ कमी होते. घरातलं सॅनिटायझर कुलपात ठेवा, साबण वापरा असंही सांगितलं, कारण तलफ अनावर झालेली माणसं तेही पितात आणि त्यात मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, निघालं तर डोळे जातात, जीवही जातो.

आणि मग दारू उतरल्यावर खालचं सगळं वर आलं. तो दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा. सर म्हणाले दारूमुळे आलेली उदासी साधारण तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते, नाही ओसरली तर ते वेगळं डिप्रेशन समजून उपचार करू. दर वेळी फोनवर ते पीएचक्यू-९ म्हणजे डिप्रेशन किती आहे ते जोखायच्या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न विचारायचे, नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा. त्याला तो हो म्हणाला. मी दाराबाहेर उभी होते, हातपाय गार पडले माझे. पण त्यांनी घाबरवलं नाही, त्याच्याशी शांतपणे बोलून एक कागद बनवून घेतला, विचार यायला लागले की आधी काय करायचं, कोणाला फोन करायचा, रात्री जवळ कोण झोपणार, गोळ्या कोणाच्या ताब्यात. उदासी काही ओसरली नाही, मग डिप्रेशनची गोळीही सुरू झाली. हे लिहितेय कारण व्यसनाचा एक डॉक्टर, मनाचा दुसरा, अशी ढकलाढकली बऱ्याच ठिकाणी होते, आमच्याकडे एकाच माणसाने दोन्ही धरून ठेवलं.

व्हिडिओवरच्या काउन्सेलिंगवर माझा आधी फारसा विश्वास नव्हता. मोठी अडचण म्हणजे घरात सगळे चोवीस तास, तो बोलणार कुठे? मग त्या वेळेला बाकीचे सगळे गच्चीवर जायचे, पाऊस असला तर जिन्यात बसायचे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ साली सुरू झालं तेच मुळी एका पिणाऱ्याने दुसऱ्याशी बोलण्यातून, आता त्याच मीटिंग मोबाईलवर होत होत्या. सुरुवातीला तो कॅमेरा बंद ठेवून नुसता ऐकायचा, पण रोज ऐकायचा. मी नातेवाइकांच्या मीटिंगला बसायला लागले. तिथे अमेरिकेत राहणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा मुलगा मेथाडोनवर, म्हणजे हेरॉइनसारख्या व्यसनावर देतात त्या औषधावर, आधी त्याला जवळजवळ रोज क्लिनिकला जावं लागायचं, मार्च २०२० मध्ये नियम सैल करून स्थिर पेशंटना २८ दिवसांपर्यंतचा डोस घरी द्यायची मुभा मिळाली. म्हणजे पेशंटवर थोडा विश्वास टाकायला महामारी यावी लागली, हे मला फार लागलं.

निर्बंध उठले, दारू परत मिळायला लागली आणि तो प्यायला. ज्यांनी आपोआप सुटेल म्हटलं होतं तेच आता म्हणाले, बघ, वाया गेलं सगळं. पण या वेळी त्याने रात्री स्वतः काउन्सेलरला मेसेज केला होता. सकाळी काउन्सेलर मॅडमनी एवढंच विचारलं, किती वाजता वाटलं, त्याआधी काय चाललं होतं. कळलं की कामाचे फोन संपले की संध्याकाळचा तो रिकामा तास त्याला झेपत नाही. मग सेशन त्या वेळेला हलवलं, सेशन नसेल त्या दिवशी मीटिंग, आणि औषध माझ्यासमोर घ्यायचं हे त्याने स्वतःच सुचवलं.

आता तो प्रत्यक्ष मीटिंगला जातो, पण मॅडमशी बोलणं अजून फोनवरच, त्याला तसंच बरं पडतं म्हणतो. नाल्ट्रेक्सोन सरांच्या सल्ल्याने थांबलंय, डिप्रेशनची गोळी चालू आहे आणि ती बंद करायची घाई आमच्यापैकी कोणालाच नाही. सरांची चिठ्ठी अजून आम्हा दोघांच्या फोनमध्ये आहे, मागच्या तपासणीला त्यांनी ती नवीन तारीख घालून परत लिहून दिली.